एका पैची चूक

जोहान्सबर्गच्या आमच्या घरातले दिवे पहिल्यांदा गेले तेव्हा, खरे सांगायचे तर, मला माहेरी आल्यासारखे वाटले. 2022 चा सप्टेंबर महिना होता. यजमानांची तिकडे बदली झाली, म्हणून महाविद्यालयातून बिनपगारी रजा घेऊन मी गेले होते. त्या संध्याकाळी विजेवर चालणारे फाटक उघडेना, म्हणून शेजारी गाडी रस्त्यावरच लावून बसले. चौकातले ‘रोबो’ विझले. वाहतुकीच्या दिव्यांना तिकडे रोबो म्हणतात. ते विझले की जो आधी पोहोचला त्याने आधी जायचे, हा नियम मात्र बहुतेक जण निमूटपणे पाळत होते. आमच्या वसाहतीतली इतर भारतीय कुटुंबे गांगरून गेली होती. मी त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगितल्या. कणीक आधी मळून ठेवावी, पिण्याचे पाणी भरून ठेवावे, काडेपेटीची जागा बदलू नये. ‘मी पैठणची आहे,’ हे सांगताना माझ्या आवाजात थोडा अभिमानही असावा.

शब्दसुद्धा ओळखीचाच होता. लोडशेडिंग. आपल्याकडे सरकारी कागदांत त्याचे ‘भारनियमन’ झाले. तो शब्द इतका भारदस्त, की वीज तोडली जाते आहे असे वाटूच नये. लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही. लोक ‘लाईट गेली’ म्हणाले, आणि लेकीबाळींच्या येण्याजाण्यासारखी तिच्या येण्याजाण्याची वाट पाहत राहिले. दक्षिण आफ्रिकेत तिला पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरी म्हणजे सुमारे एक हजार मेगावॉटची कपात. आज सहावी पायरी आहे असे कळले, की दोन-चार तासांच्या पाळ्या दिवसातून कितीदा येणार याचा अंदाज बांधता येई.

कारणेही दूरची नव्हती. नवी वीजकेंद्रे वेळेत उभी राहिली नाहीत, तर 2007 च्या सुमारास वीज अपुरी पडेल, असा इशारा तिथल्या सरकारच्याच 1998 च्या श्वेतपत्रिकेत होता. नेमक्या त्याच सुमारास दिवे जाऊ लागले. जानेवारी 2008 मध्ये तर सोन्याच्या खाणी काही दिवस थांबवाव्या लागल्या. इकडे महाराष्ट्रात दाभोळचा प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला होता, मागणी वाढत होती, आणि 2005 नंतरची काही वर्षे मराठवाड्यातल्या गावांनी दिवसाचे कितीतरी तास विजेवाचून काढले.

त्या वर्षांची माझी एक ठरलेली गोष्ट होती. एम.ए. होऊन मी सेट-नेटचा अभ्यास करत होते. संध्याकाळी लाईट गेली की सारी गल्ली गच्चीवर यायची. नाथसागरावरून वारा यायचा. ज्या धरणाच्या पायथ्याशी बारा मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे, त्या धरणाच्या गावात आम्ही कंदिलाची काच पुसत बसतो, यावर रोज कोणीतरी विनोद करायचे. मी कंदिलापाशी पुस्तक उघडले की आई नाथांची कथा सांगायची. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसून ती शोधत राहिले, आणि पहाटे सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. ‘तशी बैठक पाहिजे,’ आई म्हणायची. पुढे ही गोष्ट मी वर्गात सांगितली, एका स्मरणिकेत लिहिली. अंधाराने माणसे जवळ आणली, असा तिचा शेवट असे. ऐकणाऱ्यांना तो आवडे, आणि मलाही.

जोहान्सबर्गला घरकामात मदतीला एक बाई येत. वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना ‘मा’ म्हणे. त्या सोवेटोत राहत. आमच्या घरी तोवर इन्व्हर्टर बसला होता, त्यामुळे लोडशेडिंग म्हणजे फक्त ओव्हन न लावण्याचा नियम उरला होता. त्यांच्या भागात लोडशेडिंग नसले तरी ‘लोड रिडक्शन’ असे. विजेची चोरी फार, रोहित्रे जळतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ, ऐन स्वयंपाकाच्या वेळी, वेगळी कपात. हे ऐकून मला आपल्याकडची प्रतवारी आठवली. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी तिथे अंधार जास्त. मुंबई त्या वर्षांतही उजळलेलीच होती.

एका संध्याकाळी त्यांच्याकडे जाणाऱ्या टॅक्सीला उशीर होता, म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. बोलता बोलता मी त्यांना माझी ठरलेली गोष्ट सांगितली. गच्ची, वारा, कंदील, आई, नाथ. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, ‘आणि तुझे वडील कुठे होते?’

मला पटकन उत्तर देता आले नाही. त्या म्हणाल्या, ‘मी विचारले, कारण आमच्याही घरी अशीच आजी होती, मेणबत्ती होती, गोष्टी होत्या. वडील नव्हते. ते इथे खाणीत होते. वर्षातून एकदा नाताळला यायचे.’ मग त्या आपला कप धुऊन निघून गेल्या.

अण्णा गच्चीवर नव्हते. ते कधीच नव्हते. शेतीपंपांची थ्री फेज वीज तेव्हा बहुधा रात्री यायची, कधी दहाला तर कधी बाराला. जेवण उरकून तीन सेलची बॅटरी आणि काठी घेऊन ते मळ्यात जायचे. विहिरीवरची मोटार चालू करून, गुडघाभर चिखलात उभे राहून उसाला दारे धरायचे. मध्येच फ्यूज गेला तर डीपीपर्यंत चालत जायचे. उजाडताना परत यायचे आणि आम्ही उठत असताना झोपायचे. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्यांच्या पायांना पडलेल्या भेगा मी पाहिल्या होत्या. पण गोष्ट रचताना ते त्यात बसत नव्हते. वारा सुटलेल्या त्या रम्य अंधारात चिखल आणि साप आणले असते, तर शेवट बदलावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी फोन केला. ‘अण्णा, तेव्हा रात्री मळ्यात भीती वाटायची का हो?’ ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘जनावर दिसलं की बॅटरी विझवायची नाही, एवढंच. हे आज कशाला काढलंस?’ जनावर म्हणजे साप. मी म्हणाले, सहज. मग त्यांनी तिकडच्या पावसाची चौकशी केली.

2024 मध्ये आम्ही परत आलो. त्याच वर्षी मार्चच्या अखेरीपासून तिकडचे लोडशेडिंग कितीतरी महिने थांबले. इकडे घरातले दिवे आता क्वचितच जातात. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर वाहिन्यांची योजना 2017 मध्ये सुरू झाली, पण आमच्या मळ्याला अजून एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी पाळी असते. आता भाऊ जातो. त्याच्या बॅटरीला सेल लागत नाहीत, चार्ज करावी लागते, इतकाच फरक.

परवा वर्गात एकनाथ शिकवताना ती कथा आली. समोरच्या मुलांत शेतकऱ्यांची मुले बरीच होती. गच्ची आणि कंदील मी यंदा सांगितले नाहीत. रात्रपाळीच्या आठवड्यात घरातले कोण पाणी द्यायला जाते, एवढे विचारले. बरेच हात वर झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘मीच जातो, मॅडम. म्हणून पहिल्या तासाला झोप येते.’

वर्षभर मी त्याच्या हजेरीपुढे शेरे मारत आले होते. कथेतल्या नाथांना चूक सापडली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. मी हजेरीपट मिटला आणि त्याला सांगितले, की पहिल्या तासाच्या टिपणांसाठी दुपारी माझ्याकडे येत जा.