गायकवाडी शिष्यवृत्ती आणि कोलंबियातला विद्यार्थी

बडोदे संस्थानाची परदेशी शिष्यवृत्ती ही खैरात नव्हती. ती कारभारी घडवण्याची लांब पल्ल्याची तजवीज होती. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले. वरच्या टोकाला निवडक पदवीधर परदेशी पाठवायचे आणि परतल्यावर त्यांना संस्थानात रुजू करून घ्यायचे. या योजनेचे सर्वांत गाजलेले लाभार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर.

४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि नंतर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची, अशी अट होती. दरमहा साडेअकरा पौंड, तेही तीन वर्षांपुरते. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात आधी हार्टले हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल असा त्यांचा मुक्काम हलत गेला. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे सोबती मिळाले आणि ती मैत्री जन्मभर टिकली.

तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन वेगळेच. संस्थानाला हवा तो वित्ताधिकारी याच्या निम्म्यातही तयार झाला असता. सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्त आणि ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान शिकणारा हा विद्यार्थी करारापलीकडे केव्हाच गेला होता.

आवारातल्या राजकारणापासून मात्र ते लांब राहिले. लाला लजपतराय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते आणि त्यांनी आंबेडकरांना स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढून पाहिले. अभ्यास आणि महाराजांना दिलेला शब्द आधी, असे त्यांचे उत्तर होते. त्यांचा सहभाग दिसतो तो चर्चासत्रांत. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पोटजातीतच लग्न करण्याचे बंधन हे जातीचे मूळ, हा त्याचा गाभा. असे बंधन टिकवायचे तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. जोडीदार गेल्यावर मागे उरलेल्याचे काय करायचे, हा पेच पडतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्यातून निघाल्या, असे त्यांनी मांडले. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा हा निबंध पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

कोलंबियातून ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. वित्तमंत्रिपदाकडे नेण्याच्या विचाराने महाराजांनी त्यांना लष्करी सचिव नेमले. नेमणूक एका हुकमाने झाली, अस्पृश्य म्हणून राहायला खोली मात्र कुठल्याच हुकमाने मिळेना. कचेरीतले शिपाई फायली हातात न देता लांबून फेकत. अखेर रोज दीड रुपया ठरवून, पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली. बाकी दालनात फळ्या, बाके आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग. रात्री रखवालदार आणून देई तो कंदील, त्याचा उजेड चार बोटांपलीकडे जात नसे. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी त्यांना हुसकावायला दारात उभे राहिले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला, दोघांनीही टाळले. उरलेले तास कमाठी बागेत काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.  

दहा वर्षांची नोकरी अशी काही दिवसांत आटोपली. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पगारातून पैसे बाजूला टाकू लागले. त्यात शाहू महाराजांची मदत आणि भथेनांचे कर्ज मिळवून १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाचा प्रबंध प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील पुस्तक म्हणून १९२५ मध्ये छापला गेला आणि १९२७ मध्ये पीएच.डी. प्रदान झाली. ते पुस्तक सयाजीराव गायकवाडांना, शिक्षणात केलेल्या मदतीबद्दल, अर्पण केलेले आहे.