उस्तादजींची वही

भिलाईच्या रेल मिलमध्ये मी इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करायचो. मला पगार मिळायचा तो अनपेक्षित काही घडू नये म्हणून. भट्टीतून निघालेला लालभडक ब्लूम, म्हणजे पोलादाचा ठोकळा, रोलपाशी आला की हॉट मेटल डिटेक्टरने ते ओळखायचं, मोटरने नेमक्या त्या क्षणी वेग घ्यायचा, आणि आजचा रूळ कालच्या रुळासारखा निघायचा. 260 मीटरची पॅनल जोडून रेल्वेला पाठवणारा कारखाना आमचा. तिथे लहर, अंदाज, गंमत या गोष्टींना जागा नव्हती. अशा ठिकाणी उभी हयात घालवून घरी बसलेल्या माणसाला कुणी सांगितलं, की असं यंत्र करून द्या, जे पुढे काय करणार हे तुम्हालाही सांगता येऊ नये, तर तो सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहील. मीही बघत राहिलो.

सांगणारे उस्तादजी. रेंजवर शस्त्र शिकवणाऱ्याला सगळे उस्तादच म्हणतात, तेव्हा हे काही खास त्यांचं नाव नव्हे. खरं नाव लिहायला त्यांची मनाई आहे. कुठल्या दलात होते तेही लिहीत नाही.

आम्हा भिलाईकरांना वर्दीचं कौतुक नाही. 1959 च्या फेब्रुवारीत राजेंद्रबाबूंच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली, त्याच सुमारास वडील भंडाऱ्याकडून इथे आले. सेक्टरच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या प्रत्येक पोराने प्लांटच्या गेटवर सीआयएसएफचे जवान पाहिलेले असतात, उतईकडे त्यांचं भरतीनंतरचं प्रशिक्षण केंद्र आहे हेही ठाऊक असतं. पण फायरिंग रेंज म्हणजे दुरून येणारा ठो ठो आवाज आणि लाल झेंडा, एवढंच. निवृत्तीनंतर एका ओळखीच्या माणसाने गळ घातली, की गावाबाहेर एका छोट्या रेंजवर चालतं टार्गेट बंद पडलंय, जरा बघता का. मी पेचकस आणि मीटर पिशवीत टाकून गेलो.

होतं ते सोपं. मातीच्या बंधाऱ्याआड दोन चॅनलचा रूळ, त्यावर ट्रॉली, तारेचा दोर, एक मोटर, दोन टोकांना लिमिट स्विच. ट्रॉलीवर फिगर 11 चा ठोकळा, म्हणजे धावून येणाऱ्या सैनिकाचं ते छापील चित्र. एक स्विच अडकला होता, दुपारपर्यंत चालू झालं असतं. मी हात घालणार तोच उस्तादजी म्हणाले, "भाऊ, आधी खाली बसून या."

खाली म्हणजे बटमध्ये, टार्गेटच्या पायाशी असलेल्या खोल खंदकात. परवानगी त्यांनीच काढली होती. डोक्यावरून गोळ्या जाताना आधी कडाड् असा चाबकासारखा आवाज येतो आणि मागून बंदुकीचा. गोळी आवाजापेक्षा वेगात असते म्हणून. मागच्या बंधाऱ्यातली माती अंगावर उडत होती. तिथे बसवून त्यांनी मला सांगितलं, की ते रिक्रूट होते तेव्हा ट्रॉली-बिली नव्हती. बांबूला फिगर ठोकायची, बांबू खांद्याला लावायचा आणि खंदकातून चालायचं. वर दुश्मन चालायचा, खाली हे. "महिन्याभरात फायर करणाऱ्यांना आमची चाल पाठ झाली. हा तिसऱ्या पोत्यापाशी दम खाणार, हा शेवटी पळत सुटणार. फिगर एकच, पण वरचे ओळखायचे की खाली कोण आहे."

तेव्हा मला ती गोष्ट करमणुकीची वाटली. पुढे तिच्यातूनच आमचं सगळं काम निघालं.

ट्रॉली चालू झाल्यावर मी मुद्दाम दोन दिवस, पुढे बस्तरला जाणार असलेल्या जवानांच्या मागे बसून राहिलो. ट्रॉली डावीकडून निघायची, उजव्या टोकाला थांबायची, परत यायची. तिसऱ्या फेरीपासून पोरं टार्गेटकडे बघतच नव्हती. नळी एका जागी रोखून ठेवायची आणि फिगर तिथे आली की घोडा दाबायचा. गुण उत्तम पडत होते. एक पोरगा तर चक्क मान खाली घालून बसायचा. बंधाऱ्याआड मोटर चालू करणारा कॉन्टॅक्टर खट् वाजला की मान वर करायचा. मी हे उस्तादजींना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर. बस्तरमध्ये तो खट् आवाज कोण वाजवणार?"

मग आम्ही बसलो. हिशेब मी केला, शंका त्यांनी काढल्या. इन्सास रायफलची गोळी सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगाने सुटते. शंभर मीटरवर पोचायला तिला सेकंदाचा जेमतेम नववा भाग लागतो. तेवढ्यात सेकंदाला दीड मीटर चालणारा माणूस वीतभरही सरकत नाही. धावणारा हातभर सरकतो. नेमबाजीच्या शिकवणीत एवढं पुढे धरायचं, तेवढं पुढे धरायचं म्हणून जे चालतं, ते या हातभराबद्दल. पण डोळ्याने पाहून बोटाने हलायला, तयार माणसालासुद्धा, पाव सेकंद लागतो. आणि समोर दिसतंय ते काय आहे हे ठरवायचं असेल तर त्याहून बराच जास्त. म्हणजे गोळीच्या प्रवासापेक्षा डोक्यातला प्रवास लांबचा. मी कागद पुढे केला तेव्हा उस्तादजींनी त्यावरच्या पहिल्या आकड्यांवर काट मारली आणि शेवटच्या ओळीखाली रेघ ओढली. "हे शिकवायचंय," म्हणाले.

मी जुनी मोटर ड्राइव्हवर घेतली, म्हणजे वेग हवा तसा बदलता येईल आणि सुरुवातीला धक्का बसणार नाही. छोटा पीएलसी, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा नियंत्रक, लावला. फिगर कडेने उभी राहावी आणि ऐन वेळी नव्वद अंशात वळून समोर यावी म्हणून वेगळी यंत्रणा बसवली. मागे कंपन ओळखणारा सेन्सर, गोळी लागली की फिगर पडेल असा. पण कधी पडणार नाही असाही, कारण एका गोळीत माणूस पडतोच असं नाही. आणि त्या खट् आवाजासाठी मी आणखी दोन रिकामे कॉन्टॅक्टर बसवले, कशालाही न जोडलेले, मन मानेल तेव्हा वाजणारे. जन्मभर ज्या आवाजांचा अर्थ लागावा म्हणून धडपडलो, ते निरर्थक करून ठेवायला मजा आली हे कबूल करतो.

आता राहिला प्रश्न, फिगरने चालायचं कसं? यंत्राला नुसतं बेभरवशाचं केलं तर ते भूत लागल्यासारखं नाचतं. माणूस तसा नाचत नाही. एका संध्याकाळी उस्तादजींनी दोनशे पानी लांबट वही माझ्यासमोर ठेवली. वर मुलाच्या शाळेचं लेबल, आत त्यांचं अक्षर. कित्येक वर्षं हा माणूस सुटीच्या दिवशी सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात, दुर्ग स्टेशनवर, मडईत, जत्रेत नुसता उभा राहायचा आणि माणसं कशी वळतात ते टिपायचा. डोक्यावर भारा असलेली बाई हाक मारल्यावर मान वळवत नाही, सगळी वळते. खिशातून मोबाइल काढणाऱ्याचं कोपर बाहेर येतं. कमरेला खोचलेलं काही काढणाऱ्याचं मागे जातं. दारूडा थांबतो तो पुढे झुकून. भिणारा माणूस पळण्याआधी एक पाऊल मागे टाकतो. प्रत्येक नोंदीला नाव होतं: भाजीवाली, टिफिनवाला, लंगडा, मास्तर, नवा जावई. शेजारी सेकंद लिहिलेले, मनातल्या मनात मोजून.

मी त्या नोंदींचे प्रोग्राम केले. पीएलसीला नावं कळत नाहीत म्हणून क्रमांक दिले, पण रेंजवर आम्ही नावंच घ्यायचो. "आता नवा जावई सोडा," म्हटलं की ट्रॉली चार पावलं यायची, अडखळायची, परत फिरायची, पुन्हा यायची.

ट्रॉलीवर आता फिगर 11 नव्हती. रंगवलेली पुठ्ठ्याची माणसं होती. त्यांच्या हातातली वस्तू बदलता यायची: पिस्तूल, कोयता, टॉर्च, डबा, छत्री. उस्तादजींचा धडा एवढाच होता, "पहिली हाथ देख, फेर मुँह." धोका हातात असतो, चेहऱ्यावर नाही. याआधी कुणीतरी रंगवून पाठवलेल्या पुठ्ठ्यांत एक खोड होती. मारायचे ते सगळे लुंगी-गमछावाले, आणि सोडायचे ते सगळे शर्ट-पँटवाले. उस्तादजींनी ते पुठ्ठे बाहेर उन्हात मांडून मला विचारलं, "यात काय शिकवलं जातंय?" मग बसून त्यांनी स्वतः बंदूक शर्टवाल्याच्या हाती दिली आणि लुंगीवाल्याच्या हाती विळा. गमछ्यावर इथे अर्धं छत्तीसगड वावरतं. अमेरिकेत जोशुआ कॉरेल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये संगणकावरच्या खेळातून दाखवलं, की हातात साधी वस्तू धरलेल्या काळ्या माणसावर लोक चुकून जास्त वेळा गोळी झाडतात. ते माझ्या वाचनात फार नंतर आलं. उस्तादजींनी ते वाचलेलं नव्हतं. त्यांनी पुठ्ठे पाहिले होते.

ऑलिंपिकमध्ये पूर्वी धावत्या हरणाच्या पुठ्ठ्यावर नेम धरायची स्पर्धा असे. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी 1920 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी, त्यात सांघिक रौप्यपदक मिळवलं. म्हातारपणी हुरूप यावा म्हणून मी ही हकिगत मोठ्या उत्साहाने सांगितली. उस्तादजींनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "मध्येच कधी हरणाऐवजी गाय सोडायचे का?"

हरणावरून आठवलं. उस्तादजी पंडवानीचे, म्हणजे गाऊन सांगितलेल्या महाभारताचे, वेडे. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई भिलाईजवळच्याच गनियारीच्या, आमच्याच प्लांटच्या नोकरीत होत्या. त्यांचा कार्यक्रम असला की उस्तादजी ड्यूटी बदलून घ्यायचे. अर्जुनाच्या मत्स्यवेधाचं मला कौतुक, फिरता मासा म्हणजे आमच्याच धंद्यातलं काम. त्यांना त्यात रस नव्हता. त्यांच्या मते महाभारत उभं आहे ते चुकलेल्या ओळखीवर. पंडूने हरीण समजून बाण मारला तो किंदम ऋषी निघाला, शाप मिळाला. शेवटी जरा नावाच्या व्याधाने हरीण समजून मारला तो श्रीकृष्णाचा पाय. रामायणात दशरथाने आवाजावर बाण सोडला आणि श्रावण गेला. "नेम तिघांचाही अचूक होता," एवढंच म्हणायचे आणि पुढच्या डिटेलला, म्हणजे फायर करणाऱ्या पुढच्या तुकडीला, बोलवायचे.

बस्तरबद्दल ते बोलत नसत. मी वाचत होतो. 6 एप्रिल 2010 ला ताडमेटल्याजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात 76 जवान मारले गेले; जिथे ही पोरं पाठवायची तिथे भीती खरी होती. आणि 2012 च्या जूनमध्ये सारकेगुड्यात रात्रीच्या गोळीबारात 17 गावकरी मेले. ते माओवादी होते असा समाधानकारक पुरावा नाही, असं न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या चौकशी आयोगाने पुढे नोंदवलं. पुढच्याच मे महिन्यात एडसमेट्ट्याला बीजपंडुम या पेरणीच्या सणासाठी जमलेल्या गावकऱ्यांवर रात्रीच गोळीबार झाला. आठ गावकरी आणि एक जवान गेला. जवानांनी घाबरून गोळ्या झाडल्या असाव्यात, असं त्या घटनेच्या चौकशी आयोगाचं म्हणणं पडलं. हे सारं मी एकदा हिय्या करून त्यांच्यापुढे काढलं. बराच वेळ ते पुठ्ठ्याला खिळे ठोकत राहिले. मग म्हणाले, "दिवसाची फिगर झाली, भाऊ. आता रात्रीची बनवा."

ती बनवली. डिमर लावून उजेड विझत नेला, ढोल आणि माणसांच्या गलक्याची टेप जोडली, आणि उस्तादजींच्या आग्रहाने असा एक प्रोग्राम ठेवला ज्यात मारण्यासारखं कुणी येतच नाही. पोरं सर्वांत जास्त वैतागायची ती त्याच्यावर. पूर्ण मॅगझीन परत करून उठायचं म्हणजे काय! उस्तादजी त्याच डिटेलला पैकीच्या पैकी गुण द्यायचे. एका अधिकाऱ्याने विचारलं, न झाडलेल्या गोळीचे गुण कुठल्या रकान्यात भरायचे. रकाना नव्हता, त्यांनी शाईने आखून घेतला.

पुढे या कामाबद्दल एक समारंभ झाला आणि प्रशस्तिपत्र मिळालं ते एकट्या मला. त्यात यंत्राची तारीफ, चालण्याची नाही. मी म्हटलं, अर्धं काम वहीचं आहे, त्यांचं नाव घाला. उत्तर आलं, की ते तर त्यांचं कर्तव्यच होतं. प्रशस्ती बाहेरच्या माणसाला देतात. उस्तादजींना याचं काही वाटलं नाही, हे मला त्या उत्तराहून जास्त लागलं. मी वही परत द्यायला गेलो तर घेईनात. "माझ्या हातून आता उतरली. तुमच्याकडे चालतेय ना, चालू द्या." ती अजून माझ्या कपाटात आहे. त्यात एक नोंद आहे, "बुआ, 11 सेकंद", शेजारी काहीच नाही. तिचा प्रोग्राम मी कधी करू शकलो नाही.

निवृत्त होऊन ते शिवनाथपलीकडे आपल्या गावी गेले. मागच्या पावसाळ्याआधी फोन आला: शेतातला पंप उचलत नाही. गेलो. कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळले होते, घासून बसवले, ओव्हरलोड नीट लावला. मनात म्हटलं, चला, एवढं तरी फेडलं. बुआंबद्दलही विचारलं. "आत्या होती माझी. दाराशी आलेल्या माणसाला अकरा सेकंद नुसती बघायची, मग बसा म्हणायची." निघताना त्यांनी दुबराज तांदळाचं पोतं स्कूटरच्या पायापाशी आणून ठेवलं. मी नको नको म्हणतोय तोवर सुतळीने बांधूनही झालं. वर म्हणाले, पंप पुन्हा ट्रिप झाला तर बोलावीनच, तेव्हा वहिनींनाही आणा.