अब्बांचं मशीन आणि गॅलरीतली जागा

अब्बा गेले तेव्हा अम्मी इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस. त्या काळात मी आणि भावाने मिळून दुकान रिकामं केलं. दुकान भाड्याचं होतं, कराडजवळच्या आमच्या गावात, बाजाराच्या रस्त्यावर. अब्बांनी तिथे उभी हयात कपडे शिवले. जून आला की शाळेचे गणवेश, ईद आणि दिवाळीला शर्ट-पायजमे, बाकी वर्षभर रफू आणि फिटिंग. मालकाला दुकान लवकर हवं होतं. उषाचं पायाचं मशीन भंगारवाल्याने बाराशे रुपयांना नेलं. अम्मी घराबाहेर पडणार नव्हती, म्हणून तिला दुकानात आणायचा प्रश्न नव्हता. पण घरी जाऊन विचारता आलं असतं. आम्ही विचारलं नाही. पुण्यातलं माझं घर एका बेडरूमचं, भावाचं त्याहून लहान. मशीन ठेवायचं कुठे, एवढं एकच उत्तर तेव्हा डोक्यात तयार होतं.

इद्दत संपल्यावर अम्मी माझ्याकडे आली. सोबत कपड्यांची एक बॅग आणि चिंध्यांची दोन पोती. मी म्हटलं, "अम्मी, हे कशाला आणलंस?" ती म्हणाली, "वाकळ नको क्या तुमना?" पुढे काही बोलली नाही. मशीनबद्दलही नाही. बॅगेत मात्र अब्बांची मोठी कात्री होती, लाकडी पट्टी होती आणि दोन शर्ट. बाकीचे कपडे चाळीसव्यानंतर गरजूंना देऊन टाकले होते. हे दोन तिने कधी बाजूला काढले, आम्हाला कळलंही नव्हतं.

ती दोन पोती सहा महिने आमच्या पलंगाखाली होती. अम्मी दुपारी एक पोतं ओढायची, हॉलमध्ये चिंध्या पसरायची, मुलं शाळेतून यायच्या आत परत भरायची. पसारा दिसला की माझ्या कपाळावर आठी येते, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. आपल्याच लेकीच्या घरात एक बाई घड्याळ बघून चिंध्या आवरते आहे, हे मला बरेच दिवस दिसलं नाही. दिसलं तेव्हा लाज वाटली. मग मी गॅलरीकडे बघितलं.

आमची गॅलरी तीन बाय चार फुटांची. तिथे जुना कूलर, रद्दी आणि मुलाची मोडकी सायकल होती. ते सगळं काढलं. सुताराकडून दोन बाय तीन फुटांची प्लायची फळी भिंतीला बिजागऱ्यांवर बसवून घेतली. साखळीने आडवी उघडते, काम झालं की भिंतीला चिकटते. अम्मी उजव्या हाताने शिवते, म्हणून दिवा डाव्या बाजूला लावला, नाहीतर हाताची सावली टाक्यावर पडते. पावसाचे शिंतोडे येतात म्हणून प्लास्टिकचा पडदा. एका लाकडी पट्टीवर खिळे ठोकून त्यावर दोऱ्याची रिळं. कात्रीला वेगळा खिळा. अब्बांची कात्री कागदाला लावायची नाही, हा नियम गावाकडून जसाच्या तसा आला.

चिंध्या मी रंगाप्रमाणे लावायला घेतल्या. लाल एकीकडे, निळ्या एकीकडे. अम्मी बघत राहिली, मग सगळ्या एकत्र करून टाकल्या. तिची वाटणी कापडाच्या जातीची. सुती वेगळं, टेरिकॉट वेगळं, हाफपँटचं जाड खाकी वेगळं. कारण साधं आहे. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, टेरिकॉट आटत नाही. दोन्ही न धुता शेजारी शेजारी जोडले, तर वाकळ धुतल्यावर सुरकुत्या पडतात. म्हणून सुती तुकडे आधी धुवायचे, वाळवायचे, मगच कापायचे. टेरिकॉट हाताच्या सुईला कडक जातं, त्यामुळे ते वरच्या थरातच, तेही थोडं. आतल्या थराला जुनं मऊ लुगडं. गावाला शेजारच्या काकींनी त्यांच्या सासूबाईंची दोन नऊवारी लुगडी अम्मीला देऊन ठेवली होती, ती पोत्याच्या तळाशी होती. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यासारखं अस्तर बाजारात मिळत नाही.

एक नियम गॅलरीत नव्हे, हॉलमध्ये लागू होतो. गॅलरीत तुकडे जोडता येतात, पण वाकळ अंथरायला जमीन लागते. ती जमीन हॉलचीच, रात्री जेवणं उरकल्यावर. आणि त्याच जमिनीवर आम्ही नमाज पढतो. सजद्यात कपाळ टेकतं तिथे सुई पडलेली असली तर? म्हणून अम्मीच्या सुया सात. कमी नाही, जास्त नाही. काम थांबवताना मोजायच्या, मगच वाकळ गुंडाळायची. इशाच्या आधी तिचा आवाज ठरलेला, "सुयां गिने क्या?" एकदा सहाच भरल्या. दिवे लावून, चुंबक फिरवून, चटई झटकून आम्ही तासभर शोधली. ती अम्मीच्याच ओढणीत निघाली.

नक्षी काढायचं काम मी माझ्याकडे घेतलं. अम्मी कागदावर काही काढत नाही. चार तुकडे जमिनीवर ठेवते, मागे सरकून बघते, एक बदलते. मला वाटलं, आपण शिकलेल्या, जरा पद्धतशीर करू. आलेखाच्या वहीवर चौकटी रंगवल्या. वाकळ 60 बाय 88 इंच. चौकोन चार इंचाचा. आडवे 15, उभे 22, एकूण 330. खाकी, पांढरा आणि गडद निळा असे तीन रंग, म्हणजे गावातल्या शाळेचे सगळे गणवेश. कोणाच्या सदऱ्याचा तुकडा कुठला, हे आता कोणाला सांगता येणार नाही. पाटलांच्या पोराचा आणि आमच्या चुलत भावाचा शेजारी शेजारीही असेल.

अब्बांचे दोन शर्ट मी नक्षीत धरले नव्हते. ते अम्मीच्या उशीखाली असायचे. त्यांना कात्री लाव म्हणायची माझी हिंमत नव्हती.

330 चौकोन मी स्वतः कापले, सुट्टीच्या दिवसांत, बरोबर चार-चार इंचाचे. अम्मीने गॅलरीत बसून हाताने जोडले. जोडून झाल्यावर वरचा थर हॉलमध्ये अंथरला, तेव्हा तो आखूड होता. मोजला तर रुंदी साडेबावन्न, लांबी 77. मी शिवणीला माया सोडलीच नव्हती. प्रत्येक बाजूने पाव इंच शिवणीत जातं, म्हणजे चार इंचाच्या चौकोनाला साडेचार इंच कापायला हवं होतं. टेलरच्या मुलीला हे माहीत नसावं! रुंदीत साडेसात इंच गेले, लांबीत अकरा. अम्मीला हे जोडतानाच कळलं असणार. मी विचारलं, तर म्हणाली, "तू इतकी खुश थी, क्या बोलती."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तेव्हा ती ब्लेड घेऊन शर्ट उसवत होती. निळ्या रेघांचा आणि राखाडी. अब्बा स्वतःचे शर्ट स्वतःच शिवायचे. उन्हाकडे धरून ती एकेक टाका तोडत होती. "तेरे अब्बा की सिलाई है, जल्दी नई निकलती," म्हणाली. मी शेजारी बसले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मी मशीनचं सांगितलं. ते कुठे गेलं हे तिला ठाऊक होतं, मी सांगितले ते बाराशे रुपये आणि घाई. तिने ब्लेड खाली ठेवलं नाही. एवढंच म्हणाली, "एक बार मेरेकू पूछना था गे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. घर लहान होतं, हे खरं. पण मशीन सोडाच, फळी ठोकायलासुद्धा मला सहा महिने लागले, हेही खरं.

दोन शर्टांत चारही बाजूंची किनार निघाली. उजवी-डावी पावणेचार इंच दिसते, वरची-खालची साडेपाच. गुंड्या काढून डब्यात ठेवल्या. एक खिसा मात्र तिने तसाच ठेवला, वरच्या कोपऱ्यात.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामीतून सुटलेल्यांच्या वंशजांची. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 नंतर मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या. त्यांतली एक मिसूरी पेटवे या बाईने 1942 मध्ये शिवलेली, वारलेल्या नवऱ्याच्या शेतावरच्या कपड्यांची. तिचा फोटो मी अम्मीला दाखवला. तिने तो मोठा करून शिवण बघितली. मग कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांचा कवंद दाखवला. आफ्रिकेतून आलेल्यांचे हे वंशज, त्यांत मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू सगळे. त्या कडेपासून सुरू करून गोल गोल आत शिवत जातात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंद पुरा होत नाही. अम्मी म्हणाली, आपला धागाही कडेपासूनच आत जातो. दोन दिवसांनी बघते तर वाकळेच्या चारही कोपऱ्यांवर खाकी फुलं.

वाकळ आता माझ्या मुलाच्या अंगावर असते. खिशात तो पेन्सिलचे तुकडे ठेवतो. फळीखालची जागा मोकळी आहे. जुन्या बाजारातून पायाचं मशीन आणू या, असं मी दोनदा म्हटलं. पहिल्यांदा अम्मी नको म्हणाली. दुसऱ्यांदा तिने लाकडी पट्टी घेतली आणि फळीखालची उंची मोजली. आकडा मला सांगितला नाही. मीही घाई केली नाही, या वेळी.