शेवटपर्यंत सारखा उजेड



माझा भाचा गोव्यात स्कूबा डायव्हिंगचं काम करतो. ग्रँड आयलंडजवळ पाणी बरेचदा गढूळ असतं. बुडालेल्या जहाजाच्या कपारीत पाहायचं तर भर दिवसाही टॉर्च लागतो. मे महिन्यात तो बेळगावला आला, तेव्हा त्याने दोन टॉर्च चार्जिंगला लावले होते. "उजेड तर लख्ख पडतोय, मग चार्जिंग कशाला?" मी विचारलं. तो म्हणाला, "आत्या, उजेडावर जाऊ नकोस. तो फसवतो."

मग त्याने समजावलं. जुन्या टॉर्चचे सेल उतरत आले की बल्ब पिवळा पडायचा, आपल्याला कळायचं. या टॉर्चची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्ट देते आणि वापरता वापरता ३ च्या आसपास उतरते. पण आतलं सर्किट एलईडीला मिळणारा करंट सारखाच ठेवतं. व्होल्टेज घटलं की ते बॅटरीकडून आणखी ओढून घेतं. त्यामुळे उजेड तसाच राहतो आणि शेवटी एकदम पडतो. म्हणून किती वापरला हे न बघता प्रत्येक डाइव्हआधी टॉर्च चार्ज करायचा, आणि अंधारात जाताना दुसरा जवळ ठेवायचा.

ऐकता ऐकता मला झावळ्यांचा रविवार आठवला. त्या उपवासकाळात आईचं आजारपण, पहिल्या कम्युनियनचा वर्ग, गायकवृंद, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं मी हसतमुखाने केलं. लोक म्हणायचे, "बाई कधी थकत नाहीत." मलाही ते खरं वाटायचं. पण घरी एकटीने गुडघे टेकून कित्येक आठवडे झाले होते. त्या रविवारी एक मुलगा प्रार्थना विसरला, आणि मी त्याला सगळ्यांसमोर असं काही बोलले की तो वर्गात यायचाच थांबला.

दहा कुमारींचा दाखला मी मुलांना दरवर्षी शिकवते. मध्यरात्रीपर्यंत दहाही दिवे सारखेच दिसत असतील. फरक दिव्यात नव्हता, जवळच्या तेलात होता. आणि ते तेल ऐनवेळी कुणाकडून उसनं मिळालं नाही.

भाचा गेल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेले आणि त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मात्र मागच्या बाकावर येऊन बसला. गायकवृंदाची जबाबदारी मी फादरांना सांगून दुसऱ्या ताईंकडे दिली. आता पहाटेचा अर्धा तास माझा आणि प्रभूचा असतो. उत्साह वाटो न वाटो, मी बसते.

तुमच्या धर्मग्रामातही कधीच न थकणारं कुणीतरी असेल. त्यांचा उजेड पाहून निश्चिंत राहू नका. जवळ बसून विचारा.

हे प्रभू, लोकांना आमचा उजेड दिसतो, तुला आमचं तेल दिसतं. ते संपण्याआधी आम्हाला तुझ्यापाशी बोलाव. आमेन.