आजीचा पाचवा सागरगोटा

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी सागरगोटा हातात घेऊन पाहिलाय? राखाडी, चकचकीत, साधारण सुपारीएवढी बी. दोन सागरगोटे एकमेकांवर आपटले तर खट्कन दगडासारखा आवाज येतो. कोकणात कुणी त्याला गजगा म्हणतात. संस्कृतात त्याचं नाव आहे कुबेराक्ष, म्हणजे कुबेराचा डोळा!

माझ्या आजीकडे असे पाच डोळे होते. तिच्या माहेरच्या कुंपणावर सागरगोट्याचा वेल होता. वेल कसला, काट्यांचं रानच! फांदीला आकडे, पानांच्या देठाला आकडे, शेंगेवरही काटे. गुरं काय, माणूससुद्धा आत शिरायचा नाही. त्या शेंगांतून लहानपणी काढलेले पाच सागरगोटे आजी लग्नानंतर सासरी घेऊन आली आणि एका कापडी चंचीत तिनं ते जपून ठेवले. मे महिन्यात आम्ही भावंडं रत्नागिरीजवळच्या त्या घरी जमलो, की दुपारी पडवीत डाव मांडला जायचा. एक सागरगोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि तोही झेलायचा. साठी उलटलेली आजी आम्हाला एकदासुद्धा जिंकू द्यायची नाही.

त्याच वर्षी मामीला बाळ झालं होतं. संध्याकाळी आजी सहाण पुढ्यात घ्यायची आणि आईच्या दुधात हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग असं एकेक उगाळायची. प्रत्येकाचे वळसे मोजून! त्यात सागरगोट्याचा गरही असायचा. तो मी एकदा जिभेला लावून पाहिला. कडूजहर! पोटात दुखलं की सागरगोटा, असं आजीचं गणित. तिच्या लहानपणी हिवतापाची साथ आली, की भाजलेल्या सागरगोट्याचा गर मिऱ्यांबरोबर कुटून द्यायचे म्हणे. ही नुसती आजीबाईंची गोष्ट नव्हे बरं का. १८६८ साली सरकारने छापलेल्या हिंदुस्थानच्या औषधकोशात सागरगोट्याची आणि मिऱ्याची पूड तापावरचं औषध म्हणून नोंदलेली आहे. अर्थात, आज हिवतापावर याहून कितीतरी खात्रीची औषधं आहेत, तेव्हा ताप आला तर रक्त तपासायचं, सागरगोटा फोडत बसायचं नाही. आणि बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका, असं आता डॉक्टर सांगतात. आजी असती तर या मुद्द्यावर त्यांच्याशी भांडली असती!

तर, माझी पाचवीची सुट्टी. गावातल्या एका पोरानं मला नवी विद्या शिकवली. सागरगोटा दगडावर जोरजोरात घासायचा, तो तापतो, मग हळूच कुणाच्या तरी हाताला टेकवायचा. चटका! मी आजीच्या चंचीतला एक सागरगोटा गुपचूप काढला. दुपारभर मागच्या दाराच्या पायरीवर तो घासत बसलो. एक बाजू झिजून सपाट झाली तरी माझं समाधान होईना. शेवटी धाकटी मामेबहीण चिमी तिथे आली. मी तो तिच्या दंडावर टेकवला. जरा जास्तच वेळ टेकवला.

ती इतक्या जोरात किंचाळली, की घाबरून मी सागरगोटा गडग्यापलीकडे भिरकावला. तिच्या दंडावर टप्पोरा फोड आला. आजीनं कोरफडीचा गर लावला. "कशानं भाजलं गं?" म्हणून विचारलं, तर चिमीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चुलीपाशी गेले होते." मला कसंतरीच झालं.

रात्री आजीनं चंची उघडली. चार. तिनं पुन्हा मोजले. मी म्हटलं, "आजी, उंदरानं नेला असेल." आजी काही बोलली नाही. तिनं चंचीची दोरी ओढली आणि दिवा मालवला. त्यानंतर त्या सुट्टीत डाव झालाच नाही.

पुण्याला परत येताना मी मामाकडून सहा सागरगोटे मागून घेतले. म्हटलं, आजीला अख्खा वेलच उगवून देऊ! पत्र्याच्या डब्यात माती भरून ते पेरले. रोज पाणी घालत होतो. जून गेला, जुलै गेला, कोंब म्हणून नाही. शेजारच्या कुंडीत कुणीतरी थुंकलेली जांभळाची बी मात्र मजेत उगवून आली. उकरून पाहिलं तर सहाही सागरगोटे होते तसेच, चकचकीत, जणू आत्ता पेरलेत.

मी ते शाळेत विज्ञानाच्या बाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी सहातले तीन उचलले, शिपायाकडून कानस मागवली आणि प्रत्येकाची एक कड घासून आतला पांढरट भाग दिसेपर्यंत झिजवली. मग सहाही पाण्यात टाकले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, घासलेले तिन्ही फुगून टम्म झालेले आणि उरलेले तीन कोरडे ठणठणीत! बाई म्हणाल्या, "अरे, याच्या सालीत उभ्या पेशींचा एक घट्ट थर असतो. त्यातून पाणी आत जातच नाही. पाणी नाही तर कोंब नाही. जांभळाच्या बीला असली पेटी नसते, म्हणून ती लगेच उगवते, आणि वाळली की मरते. सागरगोटा वर्षानुवर्षं थांबू शकतो. वाळूत घासून, उन्हातान्हात तापून साल कुठेतरी झिजली, की मगच तो जागा होतो." बाभळीच्या बियांचंही तसंच. शेळ्या शेंगा खातात, बी पोटातून फिरून बाहेर पडते, तोवर तिचं कवच मऊ पडलेलं असतं.

घासून? मी चरकलो.

आणि त्याच आठवड्यात आजीचं पोस्टकार्ड आलं. नेहमीची खुशाली झाल्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'गडग्यापलीकडे सागरगोटा उगवला आहे. मुळाशी टरफल सापडले, एका बाजूने घासलेले. हल्लीचे उंदीर फार हुशार झाले आहेत.'

त्या रात्री मी आजीला चार पानी पत्र लिहिलं. चिमीचा दंड, पायरी, उंदीर, सगळं. उत्तर एका ओळीचं आलं: 'चिमीलाही लिही.' ते पत्र लिहायला मला त्याहून जास्त वेळ लागला.

पुढे मोठेपणी या बीबद्दल काही ना काही वाचत गेलो. सागरगोट्याच्या कवचाच्या आत पोकळी असते, त्यामुळे तो समुद्रावर तरंगतो. कवचातून खारं पाणी आत जात नाही. म्हणून तर हे झाड जगातल्या बहुतेक उष्ण किनाऱ्यांवर आहे. कॅरिबियन बेटांकडचे सागरगोटे गल्फ स्ट्रीम या प्रवाहाबरोबर थेट आयर्लंड-स्कॉटलंडला जाऊन लागतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर अशा वाहत आलेल्या बिया दृष्ट लागू नये म्हणून मुलांच्या गळ्यात बांधत, असं मार्टिन मार्टिन नावाच्या प्रवाशानं १७०३ साली लिहून ठेवलंय. तिकडच्या आज्याही आपल्या आज्यांसारख्याच! आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर सापडलेली अशी एक बी कुणीतरी पेरली, ती उगवली आणि त्या रोपाचं चित्र जोसेफ बँक्स या शास्त्रज्ञाकडे पोचलं. ते झाड सागरगोट्याचं होतं. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१८ साली ही हकिगत छापली. अख्खा महासागर ओलांडूनही आतला जीव शाबूत!

गडग्यापलीकडचा वेल आजीनं मुळीच छाटू दिला नाही. काही वर्षांनी त्याला काटेरी शेंगा धरल्या. पहिल्या शेंगेतला एक सागरगोटा आजीनं चंचीत टाकला आणि पडवीत डाव मांडला. आम्ही हरलो, हे सांगायला नकोच.

ती चंची आता चिमीकडे असते. तिच्या दंडावरचा डाग कधीच गेला, पण दर भेटीत ती चंचीतला एक सागरगोटा काढून जमिनीवर घासायला लागते आणि म्हणते, "दादा, जरा हात पुढे कर बघू."