भिंतीवरची हजेरी

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. गेल्या नोव्हेंबरात त्याने तिथल्या एका खेड्यातल्या चर्चचे छायाचित्र पाठविले. दाराजवळच्या भिंतीत संगमरवरी पाटी. तिच्यावर १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात पडलेल्या त्या गावच्या १९ जणांची नावे. खाली त्याने लिहिले होते, "गुरुजी, तुमच्या हजेरीपटासारखी आहे."

खरेच होते ते. हुद्दा नाही, मानपान नाही. नावे आपली अक्षरांच्या क्रमाने. जमीनदाराचा मुलगा आणि त्याचा मोतद्दार शेजारीशेजारीही असतील. एकच आडनाव लागोपाठ तीनदा आले, तिथे मी अडखळलो.

१९१५ पासून ब्रिटिश सैन्याने प्रेते मायदेशी आणायला बंदी केली, ती युद्ध संपल्यावरही उठली नाही. आईला फुले वाहायला गावात थडगेच उरले नाही. तेव्हा ही भिंतच थडगे झाली. ११ नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी ती नावे मोठ्याने वाचतात आणि दोन मिनिटे सारे स्तब्ध राहतात.

छायाचित्र पाहता पाहता मला आमच्या साताऱ्याकडच्या गावची चावडी आठवली. तिच्या भिंतीतही त्याच युद्धाची पाटी आहे. गावातून ३२ गेले, ३ मेले, एवढेच तिच्यावर आहे. नाव एकाचेही नाही. बसऱ्याला १९२९ साली मोठे स्मारक झाले, तिथेही तीच तऱ्हा. गोऱ्या शिपायांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या.

त्या तिघांत माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ होता. पितृपक्षातल्या चतुर्दशीला, शस्त्राने मेलेल्यांच्या तिथीला, आजी एक पान वेगळे वाढी. "हे बसऱ्याच्या मामंजींचं," म्हणे. तिला नाव ठाऊक असणार. पण सासरच्या वडीलधाऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे कसे? सरकारने ते कोरले नाही, आजीने उच्चारले नाही, आणि रोज वर्गात चाळीस नावे पुकारणाऱ्या मला ते विचारण्याचे कधी सुचले नाही. आता आजीही नाही.

यंदा दिवाळीत चावडीच्या पाटीखाली तीन पणत्या लावायचे ठरविले आहे. मुलांना सांगितले, घरोघरी म्हाताऱ्या माणसांना विचारून या. आजवर एक नाव मिळाले.

ते आमच्या घरातले नाही. पण मी ते वहीत पहिल्या ओळीवर लिहून ठेवले आहे.