वजीर दिल्यानंतरचा डाव

छापील डावात केवळ खेळ्या असतात. खेळाडू कुठे थबकला, कोणता मोह त्याने आवरला, याची नोंद तेथे नसते. ती वाचकाला पट मांडून, एकेक मोहरे हलवून शोधावी लागते. हेस्टिंग्ज येथील १९३०-३१च्या स्पर्धेत मीर सुलतान खान याने माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरवले. तो डाव मी असा अनेकदा मांडला आहे. त्या डावाविषयीची माझी ओढ बदनापूरच्या पारावर मिळालेल्या शिक्षणातून आली.

पारावरची ज्येष्ठ मंडळी देशी बुद्धिबळ खेळत. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकते. राजाला किल्लेकोट नाही; त्याऐवजी शह बसण्यापूर्वी एकदाच त्याला घोड्याप्रमाणे अडीच घरे जाता येते. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. असा डाव सावकाश उलगडतो आणि खेळणाऱ्याला वाट पाहायला शिकवतो.

पंजाबातील सुलतान खान देशी पद्धतीतच वाढला. युरोपीय नियम तो विशीत पोचल्यावर शिकला. ज्या वयात इतरांचा अभ्यास पक्का झालेला असतो, त्या वयात त्याने मुळाक्षरे नव्याने गिरवली. सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा खेळाडू १९२९मध्ये इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ व १९३३मध्येही ते विजेतेपद त्याने मिळवले.

हेस्टिंग्जच्या या डावात पांढरी मोहरी सुलतानकडे होती. तेराव्या खेळीला त्याने घोडा देऊन काळ्याचा उंट घेतला. त्यामुळे त्याचे दोन्ही उंट शाबूत राहिले. मात्र वजिराच्या बाजूच्या उंटाची उभी पट्टी पूर्ण मोकळी झाली. कापाब्लांकाने आपले दोन्ही हत्ती त्या पट्टीत एकामागे एक आणले. दरम्यान सुलतानने राजाच्या बाजूची प्यादी पुढे रेटली आणि विसाव्या खेळीला काळ्या घोड्याला मागच्या ओळीत परतवले. पुढच्याच खेळीत त्याच्या उंटाने मागच्या हत्तीवर रोख धरला. कापाब्लांकाने माघार न घेता एका हत्तीने, मग दुसऱ्याने शह दिला. सुलतानने वजीर देऊन दोन्ही हत्ती घेतले.

हा डाव मी एकदा पारावरच्या एका जुन्या खेळाडूला दाखवला. वजीर दिल्याचे त्यांना नवल वाटले नाही. प्यादे एकदम दोन घरे गेले, यावर मात्र ते अडले.

हिशेबाने दोन हत्ती आणि वजीर यांचे मोल जवळजवळ सारखे. एकटा वजीर चपळ असतो आणि एकाच वेळी दोन ठिकाणी धाक घालतो. परंतु त्यासाठी समोर दुर्बळ जागा असावी लागते आणि सोबतीला मोहरी असावी लागतात. येथे काळा घोडा मागच्या ओळीत अडकलेला, उंट आपल्याच प्याद्याआड कोंडलेला. सुलतानने एका हत्तीने प्याद्याला आधार दिला, दुसरा मोकळ्या पट्टीत आणला. किल्लेकोट न केलेला त्याचा राजा पटाच्या मध्याजवळ निर्धास्त उभा राहिला. किल्लेकोट नसलेल्या खेळात वाढलेल्या माणसाला अशा राजाची भीती वाटत नसावी, असा माझा तर्क आहे. तिसाव्या खेळीला काळा वजीर माघारी फिरला. पुढे पस्तीस खेळ्या सुलतानने घाई केली नाही. पासष्टाव्या खेळीला डाव त्याचा झाला.

नवे शिकायचे तर जुने पुसून टाकावे लागते, असा समज उशिरा शिकू लागलेल्या माणसाच्या मनात घर करून असतो. शेतात, दुकानात, संसारात मिळालेले शहाणपण अभ्यासाच्या मेजावर निरुपयोगी ठरेल, ही भीती त्यामागे असते. सुलतानने नवे नियम काटेकोर पाळले. त्या नियमांत वापरला तो मात्र जुन्या पटावर कमावलेला धीर.

१९३३मध्ये तो मायदेशी परतला आणि पुन्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरला नाही. १९६६मध्ये त्याचे निधन झाले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली, ती २०२४मध्ये. त्याच्या खेळ्या त्याआधीही पटापटांवर मांडल्या जात होत्या.